पपईत गेलेलं लॅटिन

माझ्या हातून आजवर बरंच काही वाया गेलं, पण एक अख्खी भाषा पपईला गुंडाळून अकोल्याच्या बाजारात पाठवण्याचा प्रकार एकदाच घडला.

मी अंजनगाव सुर्जीचा पपईवाला. दोन एकर पपई, थोडी केळी, एक विहीर, एक मुलगी आणि एक बायको. (हा क्रम सुजाताला दाखवू नये, ही विनंती.) पपई पिकवणं पुष्कळांना जमतं, पण गुंडाळणं जमत नाही. पपईला नख लागलं की चीक येतो, चीक वाळला की डाग पडतो, आणि डाग दिसला की अकोल्याचे अडते शकीलभाई असा चेहरा करतात की जणू त्यांच्या घरचं कोणी आजारी आहे. म्हणून एकेक फळ कागदात वेगळं गुंडाळायचं. या कामात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही! डोळे मिटून गुंडाळतो, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

आमची मित्रा, म्हणजे संघमित्रा, पाली घेऊन एम. ए. झाली. आमच्या घरात पाली येणं साहजिक होतं. लहानपणी विहारात वंदना म्हणता म्हणता तिला प्रश्न पडायचे. शब्द असाच का, तसाच का? ती मला विचारायची आणि मी तिला "आईले विचार" म्हणायचो. एम. ए. झाल्यावर तिला कोणीतरी सांगितलं की जुन्या भाषा एकमेकींशी ताडून बघायच्या असतील तर लॅटिन शिक. आता अमरावतीत लॅटिन कोण शिकवणार? पण पोरीनं माणूस शोधलाच. लोबो सर!

लोबो सर मूळचे वसईचे. तरुणपणी फादर व्हायला गेले होते, तिथं सात वर्षं लॅटिन शिकले, मग फादर न होता केमिस्ट्रीचे प्राध्यापक होऊन अमरावतीला आले आणि वऱ्हाडी होऊन गेले. आता वय ऐंशीच्या पुढं. मित्राला दोन वर्षं दर रविवारी शिकवलं, आणि फी म्हणून फक्त आमची पपई घेतली.

यंदा मित्राला परदेशातल्या एका विद्यापीठात जागा मिळाली. स्कॉलरशिपसुद्धा मिळणार होती, पण एका अटीवर. अमरावतीच्या परीक्षा केंद्रावर सोमवारी लॅटिनचा लेखी पेपर द्यायचा. पास झाली तर जाईल, नाहीतर घरी बसेल. आमच्या ऐपतीत दुसरा रस्ता नव्हता.

सरांनी तिच्या उजळणीसाठी खास कागद लिहून काढले. सरांच्या एका डोळ्यात काही उरलेलं नाही, दुसऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी एका बियाणेवाल्याचं जुनं मोठं कॅलेंडर घेतलं, त्याची पानं सुटी केली आणि प्रत्येक महिन्याच्या कोऱ्या पाठीवर एसटीच्या पाटीएवढ्या अक्षरात लिहिलं. बारा पानांना तीन महिने लागले. शेवटचं पान संपल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं ते कायमचंच.

जानेवारी ते एप्रिल, क्रियापदाचे अर्थ. मे ते सप्टेंबर, वाकडी चालणारी क्रियापदं. ऑक्टोबर ते डिसेंबर, तुलना. आणि उदाहरणं सगळी आमच्या शेतातली! 'पपई पिकते' हा स्वार्थ. 'पपई तोड' हा आज्ञार्थ. आणि तिसरा अर्थ म्हणजे 'पपई पिकावी', 'पिकली असती तर', जे झालं नाही पण मनात राहिलं ते सगळं त्यात. अनियमित क्रियापदांच्या पानावर सरांनी लिहिलं होतं, 'जातो'चं 'गेलो' कसं झालं ते वडिलांना विचार. मित्रानं विचारलं. मी म्हटलं, "एसटीनं."

सरांची एक अट होती. मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही. "फोटो काढला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं," ते म्हणाले, "झेरॉक्स चालेल. झेरॉक्सला निदान पायी जावं लागतं." मित्रानं शब्द दिला, आणि झेरॉक्सचं काम मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवलं.

मी गेलो. खोटं सांगत नाही, खरंच गेलो! पानांची गुंडाळी करून, रबर लावून, गाडीला अडकवून गेलो. पण आमच्या गावातल्या मशीनमध्ये एवढा मोठा कागद मावेना. दुकानदार म्हणाला, "काका, हे अमरावतीलेच होईन." मी म्हटलं, बरं, उद्या-परवा अमरावतीला जाणंच आहे. घरी आलो आणि गुंडाळी शेडमध्ये ठेवली.

त्याच दिवशी जेवताना मित्रानं विचारलं, "बाबा, झेरॉक्स झाली?"

माझ्या तोंडात घास होता. भरल्या तोंडानं "नाई, मशीन लहान होती, अमरावतीले जा लागते" एवढं लांब वाक्य बोलता येत नाही. म्हणून मी म्हटलं, "हौ."

हे सगळं त्या 'हौ'मुळं झालं.

बुधवारी मी माल भरायला बसलो. क्रेटचा वरचा थर शोभला पाहिजे, हा माझा नेम. आणि काय सांगू, रद्दीच्या गठ्ठ्याखाली मला एकाएकी कॅलेंडरचे जाडजूड बारा कागद सापडले! वर ज्वारीचं कणीस, हरभऱ्याचे घाटे, खाली तारखा. अंगणातून सुजाता ओरडली, "कायचे कागद आहेत थे?" मी म्हटलं, "जुनं कॅलेंडर भेटलं! वरच्या थराले होते!" आणि बारा देखण्या पपया गुंडाळल्या. तारखा बाहेरून, लॅटिन आतून. गुरुवारी पहाटे क्रेट टेम्पोत चढले आणि अकोल्याला रवाना झाले.

शुक्रवारी सकाळी मित्रा चहा घेऊन अंगणात आली.

"बाबा, थे झेरॉक्स द्या. आजपासून अर्थ अन् तुलना पक्क्या करते. अन् सरांचे मूळ कागद मी कपाटात ठेवते."

"झेरॉक्स न?" मी म्हटलं, "थे... थे मशीनमदी हाये."

"अन् मूळ कागद?"

मी उठलो आणि शेडकडे निघालो. आधी चाललो, मग पळालो. गुंडाळी कुठंच नव्हती. मागून सुजाता आली.

"का शोधून राहिले?"

"गुंडाळी. रबर लावलेली."

"थे होय? कागद वाकडे होऊन राहिले होते म्हून मी रबर काढून रद्दीच्या गठ्ठ्याखाली सपाट करायले ठेवले." मग ती थांबली. "अवो... तुमी परवा जाड कागद भेटला म्हणे?"

माझ्या बाजूनं एकच सांगतो. मी त्यांना गुंडाळी म्हणून ओळखत होतो. सपाट झाल्यावर ओळख पटली नाही.

मित्रा दारातच उभी होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. (हा तिसरा अर्थ. मार्चच्या पानावर होता.) चहा तिच्या हातात तसाच होता आणि डोळे भरले होते. "सरांनी डोळे घालवले त्याच्यापायी," एवढंच म्हणाली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. (हासुद्धा मार्चच.)

मी शकीलभाईंना फोन लावला.

"शकीलभाई, कालचा माझा क्रेट..."

"एक नंबर माल, प्रकाशभाऊ! वो मोटे कागजवाला ना? क्या पॅकिंग किये तुम! पूरा वरचा थर जुन्या शहराच्या गोदाबाईनं उचलला. मैं तो बोलता हूँ, हर बार वैसाच कागद लगाव!"

माझी मुलगी रडत होती, सरांची तीन महिन्यांची मेहनत गेली होती, आणि तरी 'क्या पॅकिंग' ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. असा मी माणूस आहे.

गाडी काढली, मित्राला मागं बसवलं आणि अकोटमार्गे निघालो. अकोट येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अकोटला म्हणाली, "बाबा, हेल्मेट उलटं हाये." मला वाटलं, चला, बोलणं तर सुरू झालं! मी ते सुलटं केलं आणि ती पुन्हा गप्प झाली.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गोदाबाईचं दुकान लगेच सापडलं. बाई पन्नाशीच्या, आवाज असा की समोरच्या गल्लीतला माणूसही भाव विचारायला यावा. त्यांची पपई विकायची एक रीत होती. फळांच्या तीन राशी. आजच्या, उद्याच्या आणि रविवारच्या. गिऱ्हाईक आलं की विचारायच्या, "कवा कापता?" आणि त्या दिवसाची पपई हातात द्यायच्या. आणि कोणाला कधीची दिली हे सगळं डोक्यात.

मी म्हटलं, "बाई, थे कॅलेंडरच्या कागदातल्या पपया..."

"आजच्या पायजे का रविवारच्या?"

"पपया नाई पायजे. कागद पायजे."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अन् पपईचं मी का करू?"

"थे ठेवा न तुमी."

"भाऊ, तब्येत-गिब्येत बरी हाये न? ऊन लागलं काय?"

शेवटी मित्रा पुढं झाली. तिनं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून त्या संपूर्ण जुन्या शहराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हंजे पोरीची परीक्षा, अन् बापानं पुस्तक पपईले गुंडाळून बजारात धाडलं?"

गल्ली थांबली. लसूण निवडणाऱ्या बाया थांबल्या. बाजूचा भजेवाला झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं पूर्ण चरित्र एका वाक्यात ऐकायला मिळालं.

पण खरं सांगतो, त्या एका वाक्यानंतर ती परीक्षा माझ्या मुलीची राहिली नाही, ती अख्ख्या गल्लीची झाली. दुकानात पाच पपया शिल्लक होत्या. बाईंनी स्वतः पाचही कागद अलगद सोडवले, पदरानं पुसले आणि मित्राच्या हातात दिले. जानेवारी, फेब्रुवारी, मे, जुलै, डिसेंबर. मग भजेवाल्याला "माह्या दुकानाकडे ध्यान ठेवजो रे" म्हणून सांगितलं, पायात चपला घातल्या आणि ऐन धंद्याच्या वेळी आमच्यापुढं चालू लागल्या.

"बाई, तुमचं दुकान..." मित्रा म्हणाली.

"दुकान रोजचं हाये. तुह्या परीक्षा रोज हायेत काय?"

त्या बाईंचे उपकार माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटणार नाहीत.

पहिलं घर एका रिटायर्ड गणिताच्या मास्तरांचं. मास्तर टेबलाशी बसले होते, समोर आमचा मार्च, हातात लाल पेन!

"तुमचा आहे हा कागद?" मास्तरांनी विचारलं. "कोणी लिहिलाय? मार्जिन सोडलेलं नाही."

त्यांनी पट्टी घेऊन लाल मार्जिन आखून दिलं होतं. न वाचता येणाऱ्या भाषेला! कागद परत मागितला तर म्हणाले, "आधी यावर काय लिहिलंय ते सांग. न समजता पाठ करणाऱ्यांना मी काही देत नाही."

मित्रा उभ्या उभ्या सांगू लागली. झालेलं सांगायचा अर्थ वेगळा, हुकमाचा वेगळा, आणि मनातल्या इच्छेचा, शंकेचा, 'असं झालं असतं तर'चा वेगळा. मध्ये मध्ये लॅटिन, मध्ये मध्ये पपई. दोन वर्षं ती हे शिकत होती आणि मी तिला एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. मास्तर म्हणाले, "शाबास," आणि कागद दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कोण?" गोदाबाई म्हणाल्या, "थे गुंडाळणारे."

दुसऱ्या घरी ऑगस्ट थेट भिंतीवर! खिळ्याला लावून, वर हळदीकुंकू वाहून.

मी म्हटलं, "वहिनी, हे कॅलेंडर चार वर्षांचं जुनं हाये."

"असू द्या न. हरभरा कसा मस्त दिसून राहिला. अन् आमचे कोणते दिवस बदलले?"

"यातला सोमवार तुमच्या इकडे शनिवारी येईन!"

"येऊ द्या. आमच्या घरी कोन कवा येते याचा नेम कुठं हाये?"

नवं कॅलेंडर आणून देतो असं कबूल करून ऑगस्ट उतरवला. (दुसऱ्या आठवड्यात नेऊन दिलं. हरभऱ्याचंच.)

तिसऱ्या घरी कागद पपईसकट तांदळाच्या डब्यात. रविवारची पपई! मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि आजीबाई डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"उघडली की हवा लागते. हवा लागली की पपई बिघडते. पपई बिघडली की पाहुणे का म्हणतीन?"

मी म्हटलं, "आजी, मी दुसऱ्या कागदात गुंडाळून देतो. तुमाले कळणारबी नाई, हवेलेबी कळणार नाई."

आणि तिथं, त्या स्वयंपाकघरात, मी माझी कला दाखवली. श्वास एक आणि गुंडाळी एक! घरातली माणसं बघत राहिली. फक्त या वेळी मी वर्तमानपत्राच्या दोन्ही बाजू आधी वाचल्या. एका बाजूला राशिभविष्य होतं. माझ्या राशीला 'संततीकडून मान मिळेल' असं छापलं होतं. मी मित्राकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

एका घरी एप्रिल आणि जून मांडणीवर अंथरलेले, आणि त्यांच्यावर बावीस डबे. ते मी एकट्यानं उतरवले आणि एकट्यानं चढवले. मालकीणबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, "जिरं मोहरीच्या उजवीकडं! नाई, माझ्या उजवीकडं!" एका शाळेतल्या मुलीनं नोव्हेंबरचं भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं, वर नाव-इयत्तेचं लेबल चिकटवून. मित्रानं तिला खाकी कागदाचं नवं कव्हर घालून दिलं. आणि सप्टेंबर तर आजीबाईंच्या डब्यातून आमच्याकडे आलाच होता. दुपारपर्यंत अकरा महिने हातात! गल्लीतून जाताना वरच्या गॅलऱ्यांतून अनोळखी बाया विचारत होत्या, "ऑक्टोबर भेटला का?" मी खालून हात हलवून सांगत होतो, "नाई न अजून!"

ऑक्टोबर कुठं गेला, ते गोदाबाईंनाही आठवेना. "एक गिऱ्हाईक होतं बापा. म्हणे कागदाचं वजन मी काहून देऊ? त्यानं इथंच सोलली पपई, अन् कागद टाकून गेला. मंग मी त्या कागदाचं का केलं..."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुकानाशी परत आलो, तर भजेवाल्यानं न मागता दोन प्लेट गरम भजे पुढं केले. "खा काका. ऑक्टोबर भेटते, घाबरू नका." काय माणसं! मी अधाशासारखे खाल्ले, मिरची चावली, कागदानं हात पुसले, तोंड पुसलं, कागदाचा बोळा केला आणि बरोब्बर नेम धरून समोरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडी पुढं निघून गेली.

मित्रा भजं हातात धरून आपल्या कागदाकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमी कशावर खाल्लं?"

तिच्या कागदाच्या तुकड्यावर, तेलातून, एसटीच्या पाटीएवढं अर्धं अक्षर दिसत होतं. सरांचं.

भजेवाल्याच्या हातातून झारा पडला. "अरे बापा! बाईनंच देल्ला होता सकाळी! जाड कागद हाये, तेल खाली उतरत नाई म्हून मी त्याचे आठ तुकडे केले!" सहा तुकडे गिऱ्हाइकं घेऊन गेली होती. सातव्यानं मी तोंड पुसलं होतं.

बारा महिन्यांपैकी एक महिना कायमचा गेला, आणि त्यातला आठवा हिस्सा मी स्वतः, चवीनं, मिठा-मिरचीसकट संपवला होता. गोदाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भाऊ, तुमी घरीच बसले असते तर बरं होतं."

परत येताना मित्रा म्हणाली, "ऑक्टोबरात होतं थे पुस्तकात भेटते बाबा. चांगला, अधिक चांगला, सर्वात चांगला. वाईट, अधिक वाईट. जे नियमानं चालत नाही थे. पण पुस्तकात सर नाहीत न." आणि मग म्हणाली, "उद्या सरांकडे जाऊन सांगू. तुमी सांगा."

शनिवारी अमरावतीला सरांपुढं मी हात जोडून उभा राहिलो. सगळं क्रमानं सांगितलं. झेरॉक्स काढली नाही. काढली म्हणून सांगितलं. मग कागद पपईला गुंडाळले. भज्यापर्यंत आलो तेव्हा सर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मित्रा घाबरून त्यांचा ऑपरेशनचा डोळा पुसत होती आणि ते मला खुणेनं सांगत होते, पुढं सांगा, पुढं सांगा!

"सर, माफ करा," मी म्हटलं. "तुमची तीन महिन्यांची मेहनत..."

"प्रकाशराव, लॅटिन दोन हजार वर्षं टिकलंय. तुम्ही पहिलेच नाही त्याच्या मागे लागलेले." मग त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "एक मोठा कागद काढा. मी सांगतो, तुम्ही लिहा. मित्रा नाही. तुम्ही!"

माझं शेवटचं लांब लिखाण म्हणजे पीक विम्याचा अर्ज. तोही दोनदा परत आला होता. दीड तास सर सांगत होते आणि मी जीभ बाहेर काढून लिहीत होतो. 'चांगला'ची रूपं बोनुस, मेलिओर, ओप्तिमुस. अक्षरागणिक सर तपासायला लावत होते. 'वाईट'वर आलो तेव्हा ते मजेत म्हणाले, "मालुस, पेयोर, पेस्सिमुस. उदाहरणं लिहा. झेरॉक्स न काढणारा बाप, वाईट. काढली म्हणून सांगणारा, अधिक वाईट. आणि मूळ कागद पपईला गुंडाळणारा..."

"लिहू सर?"

"मोठ्या अक्षरात लिहा."

निघताना मी सरांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "माझ्या पाया काय पडता? दोन वर्षं दर रविवारी पहाटेची पहिली एसटी पकडून पोरीला या दारापर्यंत कोण सोडत होतं?" माणसाच्या चुका हजारांत सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याची एखादी बरी गोष्ट लक्षात ठेवणारा एखादाच.

सोमवारी मी परीक्षा केंद्राबाहेर तीन तास उभा होतो. सुजाता म्हणाली होती, कशालाच हात लावू नका, म्हणून हात खिशात घालून उभा होतो. मित्रा हसत बाहेर आली. आली ती माझ्या गळ्यातच पडली.

"बाबा, एक प्रश्न पूर्ण तुमच्यामुळं आला! डोळ्यांपुढं तुमीच उभे राहिले, अन् लिहीत गेले मी!"

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. परतीच्या एसटीत कंडक्टरला सांगितलं. गावात न्हाव्याला सांगितलं. शकीलभाईंना, गोदाबाईंना फोन करून सांगितलं. काही आठवड्यांनी निकाल लागला, स्कॉलरशिप मिळाली आणि विहारात मित्राचा सत्कार ठेवला. पहिल्या ओळीत लोबो सर, त्यांच्या शेजारी गोदाबाई, त्यांच्या मागं लाल पेनवाले मास्तर. अकोल्याहून भजेवालासुद्धा आला होता, या वेळी भजे केळीच्या पानात बांधून.

मला बोलायला सांगितलं. मी सगळ्यांचे आभार मानले. गोदाबाईंचं नाव दोनदा घेतलं. सरांचं नाव घेताना तर रडलोच, आणि मला त्याची लाज वाटत नाही. या माणसांनी माझी चूक आपली मानून निस्तरली, नाहीतर माझी पोरगी घरीच राहिली असती. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माईक हातात होता!

मी छाती काढून म्हटलं, "अन् एक गोष्ट अभिमानानं सांगतो! त्या पेपरातला एक आख्खा प्रश्न, माझ्या लेकीनं स्वतः कबूल केलं हाये, फक्त माझ्यामुळं सुटला!"

टाळ्या! गोदाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "कोणता वो भाऊ?"

मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. मी माईक मित्राकडे दिला.

ती म्हणाली, "'वाईट' या शब्दाची तिन्ही रूपं सोदाहरण लिहा."

सगळं विहार हसलं. सर पुन्हा ठसकले. परदेशातल्या त्या परीक्षकानं मला कधी पाहिलेलं नाही, माझ्याविषयी कधी ऐकलेलं नाही, तरी तिन्ही उदाहरणांना त्यानं पैकीच्या पैकी गुण दिले!